विश्लेषण : म्होरके पकडले, टोळ्या वाढल्या… मेक्सिकोतील कार्टेलचा हिंसाचार थांबणार तरी कसा?

मार्च २०२५मध्ये मेक्सिकोच्या हलिस्को राज्यातील तेउचित्लान गावाजवळच्या एका ओसाड शेतघरात काही महिला शिरल्या. त्या पोलीस नव्हत्या, पत्रकारही नव्हत्या. त्यातील बहुतेक बेपत्ता मुलांच्या आया होत्या. फावडी आणि लोखंडी सळ्या घेऊन त्यांनी जमीन उकरली तेव्हा जळालेल्या हाडांचे तुकडे सापडले. आत बुटांचे शेकडो जोड, पाठीवरच्या सॅक आणि कपडे पडलेले होते. त्या बुटांचे छायाचित्र देशभर पसरले. घराघरांत ते मोठे करून पाहिले गेले, कारण कुणाला त्यात आपल्या मुलाचा बूट ओळखायचा होता. धक्कादायक बाब म्हणजे याच जागेवर नॅशनल गार्डने सहा महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २०२४मध्ये छापा घातला होता. तेव्हा दहा जणांना अटक झाली, ओलीस ठेवलेल्या दोघांची सुटका झाली आणि एक मृतदेहही मिळाला. बूट मात्र कुणाला दिसले नाहीत.

हे छळघर होते, स्मशान होते की आणखी काही, यावर बराच वाद झाला. मृतदेह जाळण्याच्या भट्ट्यांचे पुरावे मिळाले नसल्याचे सरकारी वकिलांनी सांगितले. पण टोळीत नव्याने आणलेल्या तरुणांना इथे प्रशिक्षण दिले जात होते, हे सरकारनेही मान्य केले. मेक्सिकोतील हिंसाचार संपवण्याचे जे मार्ग आजवर सुचवले गेले, त्यांचा विचार या जागेपासून सुरू करावा लागतो.

नोकरीची जाहिरात, पुढे काय?

तेउचित्लानला पोहोचलेले सगळेच गुन्हेगार नव्हते. समाजमाध्यमांवर सुरक्षारक्षकाच्या नोकरीची जाहिरात येते. आठवड्याला चांगला पगार, राहणे-जेवण फुकट, अनुभवाची अट नाही. ग्वादालाहारा शहराच्या बस स्थानकावर या, तिथून गाडी नेईल, असे सांगितले जाते. मुलगा घरी सांगून निघतो आणि दोन दिवसांनी त्याचा फोन बंद होतो. त्यानंतर शस्त्र चालवायला शिकायचे किंवा मरायचे, एवढेच दोन पर्याय त्याच्यापुढे उरतात. तेउचित्लान प्रकरणानंतर अशी भरती करणारी समाजमाध्यमांवरील अनेक खाती बंद करण्यात आली.

काही जण स्वखुशीने जातात, हेही खरे. गावात रोजगार नाही, टोळीतल्या मुलाकडे मोटारसायकल आहे, आयफोन आहे आणि लोक त्याला घाबरतात. अवघ्या बारा-तेरा वर्षांची मुले आधी ‘हाल्कोन’ म्हणजे ससाणा म्हणून ठेवली जातात. चौकात उभे राहायचे आणि लष्कराची गाडी दिसली की फोन करायचा, एवढेच काम. बंदूक नंतर हाती येते. टोळ्यांच्या कामात किमान ३० हजार अल्पवयीन मुले ओढली गेली असावीत, असा बालहक्क संघटनांचा अंदाज आहे.

लष्कर उतरवल्यावर काय झाले?

मेक्सिकोत अमली पदार्थांचा धंदा जुना आहे. सध्याच्या रक्तपाताला मात्र एक तारीख सांगता येते. राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरॉन यांनी सत्तेवर येताच दहा दिवसांत, ११ डिसेंबर २००६ रोजी, मिचोआकान राज्यात साडेसहा हजार जवान धाडले. देशाच्या सांख्यिकी संस्थेनुसार २००७मध्ये मेक्सिकोत ८,८६७ खून झाले होते. २०११मध्ये ते २७ हजारांपलीकडे गेले. मधली काही वर्षे आकडा उतरला, पण २०१७पासून दरवर्षी ३० हजारांहून अधिक खुनांची नोंद होत राहिली. बेपत्ता व्यक्तींच्या सरकारी नोंदवहीतील नावे मे २०२२मध्ये एक लाखावर गेली होती. २०२५मध्ये ती एक लाख ३० हजारांच्या पुढे होती.

काल्देरॉन यांच्या सरकारने ३७ सर्वात धोकादायक म्होरक्यांची यादी केली. त्यांची मुदत संपेपर्यंत त्यातील २५ जण मारले गेले किंवा गजाआड गेले. कागदावर हे घवघवीत यश. प्रत्यक्षात प्रत्येक म्होरक्यामागे त्याचे भाऊ, मेहुणे, अंगरक्षक आणि मारेकऱ्यांच्या तुकड्यांचे प्रमुख वारसा सांगत उभे राहिले. अमली पदार्थांच्या धंद्यात करार मोडला म्हणून कुणी न्यायालयात जात नाही. कोणता रस्ता कुणाचा, कोणत्या पोलिसाला किती द्यायचे, उधारी कशी फेडायची, हे सगळे एका माणसाच्या शब्दावर चालते. तो माणूस गेला की शब्दही जातो आणि हिशेब बंदुकीने होतो.

आर्तुरो बेल्त्रान लेव्हा हा म्होरक्या डिसेंबर २००९मध्ये क्वेर्नावाका शहरात नौदलाच्या कारवाईत मारला गेला. त्या कारवाईत एक नौसैनिकही शहीद झाला. त्याच्यावर सन्मानाने अंत्यसंस्कार झाले, त्याचे नाव दूरचित्रवाणीवर झळकले. दुसऱ्याच दिवशी मारेकऱ्यांनी घरात घुसून त्याच्या आईसह जवळच्या नातेवाइकांना ठार केले. तेव्हापासून कारवाईतले जवान तोंडावर कापड बांधलेलेच दिसतात. पुढे बेल्त्रान लेव्हाच्या टोळीची शकले झाली आणि गेरेरो, मोरेलोस या राज्यांत ती शकले एकमेकांच्या जिवावर उठली.

सिनालोआ टोळीचा सर्वेसर्वा होआकिन ‘एल चापो’ गुझमान याची कथा जगाला ठाऊक आहे. २०१४मध्ये अटक, २०१५मध्ये तुरुंगातून थेट दीड किलोमीटरच्या भुयारातून पलायन, २०१६मध्ये पुन्हा अटक, २०१७मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आणि २०१९मध्ये जन्मठेप. त्याचा जुना भागीदार इस्माएल ‘एल मायो’ झाम्बादा मात्र अनेक दशके कुणाच्या हाती लागला नव्हता. २५ जुलै २०२४ रोजी तो अमेरिकेतील एल पासोजवळच्या विमानतळावर उतरला आणि पकडला गेला. एल चापोच्याच एका मुलाने दगा करून त्याला आणले, असा झाम्बादाचा आरोप. सहा आठवड्यांनी, ९ सप्टेंबरला, कुलियाकान शहरात दोन्ही गटांत युद्ध पेटले. शाळा बंद पडल्या, रात्रीची हॉटेले ओस पडली, स्वातंत्र्यदिनाचा जाहीर सोहळा रद्द झाला. वॉशिंग्टनमध्ये ज्या अटकेचे पेढे वाटले जात होते, तिची किंमत कुलियाकानचे रहिवासी मोजत होते.

याचा अर्थ म्होरक्यांना मोकळे सोडावे असा नाही. तो मार्गही अजमावून झाला आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये एल चापोचा मुलगा ओविदियो याला लष्कराने पकडले, टोळीने कुलियाकान पेटवले आणि सरकारने काही तासांत त्याला सोडून दिले. शहरातला नरसंहार टळला. पण भर रस्त्यावर बंदुका काढल्या की सरकार माघार घेते, हा धडा प्रत्येक टोळीने गिरवला. जानेवारी २०२३मध्ये त्याला पुन्हा पकडले तेव्हा एका दिवसात २९ जणांचा जीव गेला, त्यात दहा जवान होते.

आठवड्याला ३५० : गणित काय सांगते?

सप्टेंबर २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. राफाएल प्रिएतो-कुरिएल, जान मारिया कॅम्पेडेली आणि सुरक्षा विश्लेषक अलेहान्द्रो होप हे त्याचे लेखक. (होप यांचे निबंध छापून येण्याआधीच निधन झाले.) टोळीत किती माणसे आहेत याची यादी कुठेच नसते. म्हणून त्यांनी खून, अटका आणि बेपत्ता व्यक्तींच्या दहा वर्षांच्या आकड्यांवरून उलटे गणित मांडले. २०२२मध्ये मेक्सिकोतील सुमारे १५० टोळ्यांत मिळून एक लाख ६० हजार ते एक लाख ८५ हजार माणसे असावीत, असे उत्तर आले. म्हणजे टोळ्यांना एकत्र धरले तर त्या देशातील पाचव्या क्रमांकाच्या रोजगारदात्या ठरतात.

त्याहून महत्त्वाचा आकडा पुढे आहे. टोळ्यांची माणसे रोज मरतात, पकडली जातात, सोडून जातात. ही गळती भरून काढायची तर त्यांना दर आठवड्याला ३५० ते ३७० नवी माणसे लागतात. ती मिळाली नाहीत तर टोळ्या आपोआप आटतील. पकडण्याचे प्रमाण दुप्पट केले तर? या गणितानुसार हिंसाचार कमी होण्याऐवजी थोडा वाढतोच, कारण रिकाम्या जागा भरल्या जातात आणि जागेसाठी झुंजही होते. याउलट भरती निम्मी केली, तर काही वर्षांत आठवड्याला जाणारे बळी सुमारे एक चतुर्थांशाने घटतात.

तत्कालीन राष्ट्राध्यक्ष आंद्रेस मॅन्युएल लोपेझ ओब्राडोर यांनी हे आकडे उडवून लावले. टोळ्या इतक्या मोठ्या असणे शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे. गणिती प्रारूपाला मर्यादा असतातच. चौकातला पाळत ठेवणारा मुलगा आणि तुकडीचा प्रमुख यांना एकाच मापाने मोजणे, ही त्यातली एक. मात्र आकडा निम्मा धरला तरी प्रश्न तोच राहतो. तुरुंगाच्या दारातून एक आत जातो आणि बस स्थानकावर दुसरा उतरतो.

‘मिठी मारा, गोळ्या नकोत’ का फसले?

गंमत अशी की लोपेझ ओब्राडोर यांचे स्वतःचे धोरण याच विचाराच्या सर्वात जवळ जाणारे होते. २०१८ ते २०२४ या काळात त्यांनी ‘मिठी मारा, गोळ्या नकोत’ अशी घोषणा दिली आणि गरिबीवर पैसा ओतला. ज्येष्ठांना निवृत्तिवेतन, शेतकऱ्यांना झाडे लावण्यासाठी मदत, किमान वेतनात मोठी वाढ. या सहा वर्षांत सुमारे एक कोटी ३० लाख लोक दारिद्र्यातून बाहेर आले. एवढे होऊनही दरवर्षी ३० हजार खून होतच राहिले.

याचे एक कारण योजनेच्या अर्जातच दडले आहे. तरुणांना कामाचे प्रशिक्षण आणि वर्षभर किमान वेतनाइतके विद्यावेतन देणारी त्यांची गाजलेली योजना १८ ते २९ वयोगटासाठी आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. पण चौदाव्या वर्षी शाळा सोडून घरी बसलेला मुलगा या दोन्हींच्या मध्ये पडतो. आणि टोळीला नेमका तोच हवा असतो. सरकार त्याला अठरा पूर्ण होण्याची वाट पाहायला सांगते, टोळी सांगत नाही.

दुसरे कारण, पैसा देताना कायद्याचा धाक उभा केला गेला नाही. मेक्सिकोत दहापैकी नऊ गुन्ह्यांत कुणालाही शिक्षा होत नाही. खून करूनही काही होत नसेल, तर खून हे कमी जोखमीचे काम ठरते.

पोलीसच टोळीचे असतील तर?

सप्टेंबर २०१४मध्ये इगुआला शहरात अयोत्सिनापाच्या शिक्षक महाविद्यालयाचे ४३ विद्यार्थी बेपत्ता झाले. त्यांना ओढून नेणाऱ्यांमध्ये नगरपालिकेचे पोलीस होते. वरच्या पातळीवर तर त्याहून वाईट घडले. काल्देरॉन यांचे सुरक्षामंत्री आणि टोळ्यांविरुद्धच्या युद्धाचा चेहरा असलेले हेनारो गार्सिया लुना यांना सिनालोआ टोळीकडून लाच घेतल्याबद्दल फेब्रुवारी २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने दोषी ठरवले. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांना ३८ वर्षांहून अधिक तुरुंगवास ठोठावला गेला. म्हणजे युद्ध सुरू असताना त्याचा सेनापतीच विरोधी टोळीच्या पगारावर होता.

तरीही हिंसाचार उतरल्याचे एक उदाहरण आहे आणि ते अमेरिकेच्या सीमेवरच्या सिउदाद हुआरेझचे. २०१०मध्ये सुमारे १३ लाख वस्तीच्या या शहरात तीन हजारांवर खून झाले. त्या वर्षी जानेवारीत कामगारवस्तीतल्या एका वाढदिवसाच्या कार्यक्रमात बंदूकधारी घुसले आणि १५ जणांना मारून गेले, बहुतेक शाळा-महाविद्यालयातली मुले. परदेश दौऱ्यावर असलेल्या काल्देरॉन यांनी हा टोळ्यांमधला वाद असावा असे म्हटले. ते शहरात आले तेव्हा दोन मुलगे गमावलेल्या एका आईने भर सभेत त्यांना सुनावले की, आपले इथे स्वागत करणे मला जमणार नाही.

त्या प्रसंगाने सरकार हलले. ‘आपण सारे हुआरेझ’ नावाने कार्यक्रम आखला गेला. शाळांचे तास वाढले, दवाखाने, मैदाने, उद्याने झाली. त्याहून उपयोगी ठरले ते नागरिकांचे सुरक्षा मंडळ. डॉक्टर, व्यापारी, वकील दर महिन्याला पोलीसप्रमुख आणि सरकारी वकिलांना समोर बसवत. खंडणीच्या किती तक्रारी आल्या, किती सुटल्या, मागच्या बैठकीत दिलेल्या शब्दाचे काय झाले, असे प्रश्न विचारत. २०१३पर्यंत खून पाचशेच्या आसपास आले.

पूर्ण श्रेय या कार्यक्रमाला देता येत नाही. याच काळात सिनालोआ टोळीने स्थानिक टोळीवर मात केली आणि लढाई थंडावली, हेही तितकेच खरे. पुढे निधी आटला, सरकार बदलले, टोळ्यांचे तुकडे पडले आणि २०१८पासून खुनांचा आकडा पुन्हा वर्षाला हजाराच्या वर गेला. पण शांतता होती त्या तीन-चार वर्षांत जी मुले मोठी झाली, ती हिशेबातून वगळता येत नाहीत.

अमली पदार्थ कायदेशीर केले तर?

हा सल्ला नेहमी दिला जातो. गांजाबाबत त्याचा परिणाम दिसलाही. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२मध्ये गांजा कायदेशीर केल्यानंतर मेक्सिकोतून चोरून येणारा माल झपाट्याने घटला. टोळ्या मात्र घटल्या नाहीत. त्या हेरॉईन, मेथ आणि मग फेंटानिलकडे वळल्या. फेंटानिलला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. रसायने आणि एक खोली पुरते. त्यामुळे गेरेरोच्या डोंगरातील अफू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा भाव कोसळला आणि त्यांच्या मुलांसाठी टोळीचे दार आणखी उघडले.

ही रसायने प्रामुख्याने चीनमधून येतात, पण धागा भारतापर्यंतही पोहोचला आहे. २०१८मध्ये इंदूरमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने फेंटानिलची प्रयोगशाळा उद्ध्वस्त केली, तेव्हा पकडलेल्यांत मेक्सिकोचा एक नागरिक होता. जानेवारी २०२५मध्ये गुजरातमधील दोन रसायन कंपन्यांवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झाले. रसायने मेक्सिकोलाही पाठवल्याचा आरोप त्यात आहे.

शिवाय आज टोळ्यांची कमाई केवळ नशेच्या मालावर चालत नाही. मिचोआकानमध्ये अ‍ॅव्होकॅडो आणि लिंबाच्या बागायतदारांकडून किलोमागे खंडणी घेतली जाते. तेलवाहिन्या फोडून इंधन विकले जाते. स्थलांतरितांची ने-आण हा वेगळा धंदा. उद्या सगळे अमली पदार्थ दुकानात मिळू लागले, तरी लिंबाची खंडणी सुरूच राहील.

बंदुका कुठून येतात?

मेक्सिकोत कायदेशीर बंदूक विकणारी दुकाने जेमतेम दोन, तीही लष्कराची. तरीही टोळ्यांकडे शक्तिशाली रायफली आहेत. २०१४ ते २०१८ या काळात मेक्सिकोत जप्त होऊन माग काढलेल्या शस्त्रांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आली होती, असे अमेरिकेच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने नमूद केले. मेक्सिकोने २०२१मध्ये अमेरिकी बंदूक उत्पादकांवर खटला भरला, पण जून २०२५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्रम्प प्रशासनाने मेक्सिकोतील सहा टोळ्यांना दहशतवादी संघटना घोषित केले होते. टोळ्या दहशतवादी ठरल्या, त्यांना शस्त्रे पुरवणारी दुकाने मात्र सुरू आहेत.

एल साल्वादोरचा मार्ग चालेल?

राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी मार्च २०२२मध्ये आणीबाणी लावून ८० हजारांहून अधिक लोकांना तुरुंगात टाकले आणि खुनांचे प्रमाण एक लाखामागे दोनच्या खाली आणले. लॅटिन अमेरिकेत या मार्गाचे चाहते वाढत आहेत. पण त्या देशातील टोळ्या गल्लीतल्या, गरीब आणि तुलनेने हलकी शस्त्रे बाळगणाऱ्या होत्या. लोकसंख्याही मेक्सिकोच्या वीसाव्या भागाएवढी. निरपराध किती आत गेले, याची तर मोजदादच नाही. वाटाघाटींचा मार्गही तिथेच आधी अजमावला गेला होता. २०१२च्या युद्धबंदीने खून निम्म्यावर आले आणि ती मोडल्यावर २०१५मध्ये एक लाखामागे शंभरच्या पुढे गेले. मेक्सिकोत गेरेरोच्या बिशपांनी २०२४मध्ये टोळीप्रमुखांची भेट घेऊन समेटाचा प्रयत्न केला. ज्या गावांत पोलीस ठाणे नावापुरते आहे, तिथे एवढाच आधार उरतो.

शेनबॉम यांचे काय चालले आहे?

ऑक्टोबर २०२४मध्ये सत्तेवर आलेल्या क्लाउडिया शेनबॉम यांनी मिठीची भाषा गुंडाळून ठेवली, योजना मात्र चालू ठेवल्या. सुरक्षामंत्री ओमार गार्सिया हार्फुच हे स्वतः जून २०२०मध्ये मेक्सिको सिटीत भर रस्त्यात झालेल्या हल्ल्यातून वाचलेले. गुप्तवार्ता आणि तपासावर त्यांचा भर आहे. २०२५मध्ये दोन खेपांत ५५ टोळीप्रमुख आणि हस्तक अमेरिकेच्या हवाली केले गेले. सरकारी आकड्यांनुसार पहिल्या वर्षात रोजच्या खुनांची सरासरी सुमारे एक तृतीयांशाने घटली. बेपत्ता होणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात का घटत नाही, हा आयांचा सवाल आहे. मृतदेहच सापडला नाही तर तो खून म्हणून मोजला जात नाही. शवागारांत आणि सामूहिक दफनभूमीत ५० हजारांहून अधिक मृतदेह ओळख न पटता पडून आहेत.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी मिचोआकानच्या उरुआपान शहरात मृतात्म्यांच्या सणाची गर्दी होती. टोळ्यांविरुद्ध उघडपणे बोलणारे महापौर कार्लोस मान्सो यांच्यावर चौकात, कुटुंबीयांदेखत, गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांना सरकारी सुरक्षा होती. हल्लेखोर जागीच मारला गेला. तपास यंत्रणांनी त्याची ओळख पटवली तेव्हा कळले, तो १७ वर्षांचा होता.